सोबत कुठपर्यंत? अमेरिकेतील वर्णभेदविरोधी लढा आणि गोऱ्या सोबत्यांच्या मर्यादा



"अमेरिकेतली गुलामगिरी कोणी संपवली?" सामान्यज्ञानाच्या तासाला हा प्रश्न विचारला की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "अब्राहम लिंकन!" आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर लिंकनच्या नावाचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलेलं असतं, त्यामुळे हे नाव मुलांच्या ओळखीचं असतं. उत्तर चूक नाही. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. ज्यांना गुलाम केलं होतं ते लाखो लोक त्या वेळी काय करत होते? कोणीतरी सोडवायला येईल म्हणून ते वाट पाहत बसले होते का?

अजिबात नाही. लिंकनने मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आणली. त्याच्या आधीच हजारो गुलाम मळ्यांवरून पळून उत्तरेच्या सैन्याकडे आले होते. यादवी युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. आणि याच सैन्यात गोऱ्या सैनिकाला महिन्याला १३ डॉलर मिळत असताना कृष्णवर्णीय सैनिकाला १० डॉलर मिळत. त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे म्हणून कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीतल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी असा कमी पगार घ्यायलाच नकार दिला. ते बिनपगारी लढत राहिले. समान पगाराचा कायदा १८६४ साली झाला.

म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यातही भेदभाव होताच. बाजू बरोबर असली म्हणून वागणूक बरोबर असतेच असं नाही. आजच्या लेखात आपण हेच समजून घेऊया. न्यायाच्या लढ्यात गोऱ्या लोकांनी कृष्णवर्णीयांना साथ दिली, ती किती मोलाची होती आणि ती कुठे कुठे अपुरी पडली?

'सोबती' म्हणजे कोण?

ज्याच्यावर स्वतः अन्याय होत नाही, उलट त्या व्यवस्थेचा ज्याला फायदाच मिळतो, तरीही जो अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, अशा माणसाला इंग्रजीत 'अ‍ॅलाय' म्हणतात. आपण त्याला सोबती म्हणूया. हा शब्द मला योग्य वाटतो, कारण सोबतीला येणारा माणूस आपल्याबरोबर चालतो. कुठे जायचं ते आपण ठरवलेलं असतं.

या सोबत्यांचं मोठेपण महाराष्ट्राला फार आधी कळलं होतं. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. जोतिरावांनी ज्यांना मान दिला त्यांना लहान करणं हा या लेखाचा हेतू नाही. मर्यादा सांगणं म्हणजे दोष देणं नव्हे. दोऱ्याने कापड शिवता येतं, पण दोरा म्हणजे कापड नव्हे, इतकंच.

मर्यादा १ : गोष्ट तुझी, विचार आमचे

विल्यम लॉइड गॅरिसन हे बोस्टनचे गोरे पत्रकार. १८३१ साली त्यांनी 'द लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक सुरू केलं आणि ते जवळजवळ ३५ वर्षं चालवलं. गुलामगिरी ताबडतोब संपली पाहिजे, ही त्यांची भूमिका. त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सुरुवातीच्या काळात या साप्ताहिकाचे बहुसंख्य वर्गणीदार मुक्त कृष्णवर्णीय लोक होते. त्यांच्या पैशावर ते जगलं.

१८४१ साली गॅरिसन यांच्या चळवळीला एक तरुण वक्ता मिळाला, फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून ते १८३८ मध्ये पळून आले होते. डग्लस बोलायला उभे राहिले की सभा भारावून जायची. पण काही दिवसांनी त्यांच्या गोऱ्या सहकाऱ्यांनी त्यांना सुचवलं की, तुम्ही फक्त तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा, त्याचा अर्थ लावायचं काम आमच्याकडे सोडा. बोलण्यात थोडी मळ्यावरची बोलीही राहू द्या, नाहीतर तुम्ही कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसणार नाही!

जरा विचार करा. हे लोक शत्रू नव्हते. डग्लस यांना व्यासपीठावर आणणारेच हे लोक. पण त्यांच्या मनात डग्लस हे पुरावा म्हणून होते, विचारवंत म्हणून नव्हते.

पुढे डग्लस यांनी स्वतःचं वृत्तपत्र काढायचं ठरवलं, तेव्हा गॅरिसन यांनी त्याला विरोध केला. तरीही डिसेंबर १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातून 'द नॉर्थ स्टार' निघालंच. काही वर्षांत दोघांमध्ये कायमचं अंतर पडलं. साथ देणाऱ्याला सहाय्यक हवा होता, आणि ज्याला साथ दिली तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. अशा वेळी सोबत्याची खरी परीक्षा होते.

मर्यादा २ : सोबती थकतो आणि घरी जातो

१८६५ साली राज्यघटनेच्या १३व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. पुढची काही वर्षं दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, त्यांच्यातले काही जण थेट संसदेत निवडून गेले. पण दक्षिणेतल्या गोऱ्या टोळ्यांनी हिंसाचार मांडला आणि उत्तरेतल्या समर्थकांचा उत्साह हळूहळू ओसरला. 'गुलामगिरी तर संपली, आता किती दिवस हेच चालवायचं?' असा सूर निघाला. १८७७ मध्ये राजकीय तडजोड झाली आणि दक्षिणेतल्या सरकारांना मिळणारा सैन्याचा आधार काढून घेतला गेला. त्यानंतर मताधिकार हिसकावले गेले, शाळा, रेल्वेचे डबे, नळ वेगळे झाले. हे सगळं पुढे जवळजवळ ८० - ९० वर्षं चाललं.

इथे सोबत्याची सगळ्यात मोठी मर्यादा दिसते. त्याला घरी जाता येतं. ज्याच्या कातडीचा रंगच लढ्याचं कारण आहे, त्याला कुठे जाता येत नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. गोरे लोकही हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले, समाजमाध्यमांवर काळे चौकोन झळकले. प्यू या संस्थेच्या पाहणीत त्या जूनमध्ये गोऱ्या प्रौढांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' चळवळीला पाठिंबा असल्याचं सांगितलं. सप्टेंबरमध्ये हाच आकडा ४५ टक्क्यांवर आला होता. मध्ये गेले होते फक्त तीन महिने.

मर्यादा ३ : "तुमचं बरोबर आहे, पण आत्ता नको"

आता १९६३ सालाकडे येऊया. अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. दुकानात कृष्णवर्णीयांचे पैसे चालायचे, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर त्यांना बसता येत नसे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला आणि १२ एप्रिलला त्यांना अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन वर्तमानपत्रात आलं. त्याचा आशय असा की, निदर्शनं करणं शहाणपणाचं नाही, ही वेळही योग्य नाही, बाहेरच्यांनी यात पडू नये, प्रश्न कोर्टात आणि चर्चेने सोडवावा.

हे आठ जण कट्टर वर्णद्वेष्टे नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी गोऱ्या जनतेला कोर्टाचे निकाल पाळा असं जाहीर आवाहन केलं होतं. म्हणूनच किंग यांना त्यांना उत्तर द्यावंसं वाटलं. तुरुंगात कागद नव्हता, तर त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात लिहायला सुरुवात केली. हेच ते प्रसिद्ध 'बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र'.

त्यात किंग यांनी सांगितलं की, उघड शत्रूपेक्षा त्यांची जास्त निराशा मध्यममार्गी गोऱ्या माणसाने केली आहे. हा माणूस ध्येय मान्य करतो, पण मार्गाला नावं ठेवतो. त्याला न्यायापेक्षा शांतता प्रिय असते. आणि दुसऱ्याला स्वातंत्र्य कधी मिळावं याचं वेळापत्रक तो स्वतः ठरवतो.

शाळेत आपण मुलांना 'भांडू नका, शांत बसा' असं दिवसातून दहा वेळा सांगतो. वर्ग शांत आहे म्हणजे वर्गात सगळं ठीक आहे, असं मात्र नसतं. ज्याचा डबा रोज कोणी हिसकावून खातो, तोही शांतच बसलेला असतो.

मर्यादा ४ : कोणाचा जीव गेला की बातमी होते?

मिसिसिपी हे त्या काळी दक्षिणेतलं सगळ्यात कठीण राज्य. १९६२ साली तिथे मतदानाच्या वयाच्या दर १०० कृष्णवर्णीयांपैकी ७ जणांचीही मतदार म्हणून नोंद नव्हती. 'स्निक' नावाची तरुणांची संघटना तिथे नोंदणीचं काम करत होती. या कामात असलेले शेतकरी हर्बर्ट ली यांना १९६१ मध्ये भरदिवसा गोळी घालण्यात आली. गोळी घालणारा राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता, त्याला शिक्षा झाली नाही. या खुनाचे साक्षीदार लुई अ‍ॅलन यांचाही जानेवारी १९६४ मध्ये खून झाला. देश मात्र स्वस्थ होता.

मग एक अवघड निर्णय झाला. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या महाविद्यालयांतून सुमारे १००० स्वयंसेवक बोलवायचे, त्यातले बहुतेक गोरे. बॉब मोझेस या कृष्णवर्णीय तरुणाने ही मोहीम उभी केली. संघटनेत यावर पुष्कळ वाद झाला. पण हिशोब सरळ होता. सुखवस्तू घरातली गोरी मुलं मिसिसिपीत आली की त्यांच्यामागे देशाची नजरही येईल.

हिशोब खरा ठरला, पण फार भयंकर रीतीने. २१ जून १९६४ रोजी तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. मिसिसिपीचा कृष्णवर्णीय जेम्स चेनी, आणि न्यूयॉर्कचे गोरे मायकल श्वर्नर व अँड्र्यू गुडमन. सारा देश हादरला, एफबीआयची माणसं आली, नौसैनिक दलदली तुडवू लागले. ४ ऑगस्टला तिघांचे मृतदेह मातीच्या बंधाऱ्याखाली सापडले. पण त्याआधी, शोध चालू असताना हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष नदीत सापडले होते. ते मे महिन्यापासून बेपत्ता होते. त्यांच्यासाठी कोणी नदी शोधली नव्हती. श्वर्नर यांची पत्नी रिटा हिने तेव्हाच पत्रकारांना सांगितलं की, एकटा चेनी हरवला असता तर कोणी दखल घेतली नसती.

पुढच्याच वर्षी अलाबामात तेच झालं. फेब्रुवारी १९६५ मध्ये जिमी ली जॅक्सन हा २६ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. मार्चमध्ये बोस्टनहून आलेले गोरे धर्मगुरू जेम्स रीब यांना गोऱ्या गुंडांनी मारहाण केली आणि त्यात ते गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी रीब यांच्या पत्नीला फोन केला. १५ मार्चच्या संसदेतल्या भाषणात रीब यांच्या मृत्यूचा उल्लेख होता, जॅक्सनच्या मृत्यूचा नव्हता.

गुडमन, श्वर्नर, रीब यांनी प्राण दिले. यापेक्षा मोठी सोबत ती काय? पण त्यांचा त्याग ज्या कारणाने देशाला दिसला, ते कारण म्हणजेच तो वर्णभेद होता. सोबती आपला जीव देऊ शकतो. दुसऱ्याच्या जिवाची किंमत मात्र त्याने एकट्याने वाढत नाही.

मर्यादा ५ : मदत करणारे हात फार भरभर चालतात

हा मुद्दा आपल्या शिक्षकांच्या विशेष जवळचा आहे. स्वयंसेवक विद्यापीठात शिकलेले. टाइप करणं, पत्रक लिहिणं, फोनवर बोलणं त्यांना सहज जमे. स्थानिक कार्यकर्ते ही कामं अडखळत शिकत होते. शेजारी कोणी पाचपट वेगाने काम करू लागलं की शिकणारा माणूस हळूच खुर्ची सोडून उठतो. उन्हाळा संपल्यावर पाहुणे परत जाणार, आणि मागे राहणाऱ्याचं शिकणं अर्धवटच राहणार. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण 'स्निक'च्या जुन्या कार्यकर्त्यांना हीच भीती आधीपासून वाटत होती.

त्याच उन्हाळ्यात या अडचणीतून एक चांगली वाटही निघाली. चार्ली कॉब या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याच्या कल्पनेतून ४० पेक्षा जास्त 'स्वातंत्र्य शाळा' सुरू झाल्या. चर्चमध्ये, अंगणात, झाडाखाली २००० पेक्षा जास्त मुलं शिकली. शिकवणारे बरेचसे गोरे विद्यार्थी होते. पण अभ्यासक्रमाची सुरुवात प्रश्नांनी होत असे. आपण इथे का आलो आहोत? बहुसंख्याकांकडचं काय आपल्याला हवं आहे आणि काय नको आहे? आपल्याकडचं काय आपण जपणार आहोत? या प्रश्नांची उत्तरं गोऱ्या शिक्षकाकडे नव्हतीच. ती मुलांकडेच होती, त्यामुळे शिक्षकाला ऐकावंच लागे.

मर्यादा ६ : ऐनवेळी स्वतःचा हिशोब आडवा येतो

ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरलं. मिसिसिपीच्या अधिकृत पक्षाचं शिष्टमंडळ गोऱ्यांचंच होतं. म्हणून चळवळीने सर्वांसाठी खुला असा वेगळा पक्ष काढून आपले ६८ प्रतिनिधी पाठवले. त्यात होत्या फॅनी लू हॅमर. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या, वीस भावंडांतल्या सगळ्यात धाकट्या. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरचं घर गेलेलं, पुढे तुरुंगात बेदम मार खाल्लेला. २२ ऑगस्टला त्या साक्ष देऊ लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिकडे वळले. पण वाहिन्यांनी रात्री हॅमर यांची साक्ष दाखवलीच.

तडजोड पुढे आली. फक्त दोन जागा, आणि त्यावर कोण बसेल हेही वरून ठरलेलं. ही तडजोड गळी उतरवण्याचं काम होतं ह्यूबर्ट हम्फ्री यांच्याकडे. हम्फ्री म्हणजे १९४८ पासून नागरी हक्कांसाठी पक्षात उघडपणे बोलणारे नेते. पण या वेळी त्यांचं उपाध्यक्षपद पणाला लागलं होतं. किंग यांच्यासह काही कृष्णवर्णीय नेत्यांचाही कल तडजोडीकडे होता. हॅमर आणि त्यांच्या साथीदारांनी मात्र ती नाकारली.

तेच जॉन्सन, ज्यांनी जुलैमध्ये नागरी हक्क कायद्यावर सही केली. तेच हम्फ्री, ज्यांनी तो कायदा सिनेटमध्ये लढवला. दोघेही खरे सोबती होते. पण सोबत्याला स्वतःचंही काही राखायचं असतं, आणि ते पणाला लागलं की तो 'सध्या इतकं घ्या' म्हणतो.

मग सोबत्यांनी करायचं तरी काय?

१९६६ साली स्टोकली कार्मायकल 'स्निक'चे अध्यक्ष झाले आणि 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा देशभर गाजली. गोऱ्या कार्यकर्त्यांना त्यांचं सांगणं होतं की, आमच्या वस्तीत येऊन आमचं नेतृत्व करू नका, तुमच्या वस्तीत जा. वर्णद्वेष तिथे राहतो. डिसेंबरमध्ये संघटनेने गोऱ्या सदस्यांना बाहेर ठेवण्याचा ठराव अवघ्या एका मताने मंजूर केला, कितीतरी जण तटस्थ राहिले. अनेकांना त्याचं खूप दुःख झालं. हॅमर यांनाही तो पटला नव्हता. ठराव योग्य होता की नाही यावर आजही वाद होऊ शकतो. पण त्यामागचा प्रश्न टाळता येत नाही. गोऱ्या मोहल्ल्यात, गोऱ्या बँकेत, गोऱ्या चर्चमध्ये जाऊन कोण बोलणार?

याचं उत्तर काही जण आधीपासून जगत होते. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात अ‍ॅन आणि कार्ल ब्रेडन हे गोरं जोडपं राहायचं. कृष्णवर्णीयांना चांगल्या वस्तीत घर मिळत नसे. १९५४ साली अँड्र्यू वेड या कृष्णवर्णीय गृहस्थांनी ब्रेडन यांना गळ घातली आणि त्यांनी आपल्या नावावर गोऱ्या वस्तीत घर घेऊन वेड कुटुंबाला दिलं. सुमारे दीड महिन्यातच त्या घराखाली स्फोट झाला. खटला मात्र भरला गेला तो ब्रेडन यांच्यावर, राजद्रोहाचा! कार्ल तुरुंगात गेले. अ‍ॅन पुढची ५० वर्षं दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांमध्येच काम करत राहिल्या. बर्मिंगहॅमच्या पत्रात किंग यांनी ज्या मोजक्या गोऱ्या सोबत्यांची नावं घेतली, त्यात त्यांचं नाव आहे.

यात मला तीन गोष्टी दिसतात. काय हवं ते वेड यांनी सांगितलं. ब्रेडन यांनी स्वतःकडे असलेली सवलत वापरली. आणि किंमत आपल्याच लोकांमध्ये राहून चुकवली. सोबत्याच्या मर्यादा इथेही होत्याच, पण त्याच्या कामाची जागा बरोबर होती.

वर्गात काय करता येईल?

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात 'ब्लॅक पँथर' पक्ष स्थापन झाला आणि १९७२ साली त्यावरूनच नाव घेऊन मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली. 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेपासून सुरू झालेला हा धागा आहे. त्यामुळे मोठ्या मुलांना हा विषय परका वाटत नाही. काही सोप्या गोष्टी करून पाहता येतील :

१) 'कोणी सोडवलं?' याऐवजी 'कोणी काय काय केलं?' असा प्रश्न विचारा. फळ्यावर दोन रकाने करा. ज्यांच्यावर अन्याय झाला ते, आणि सोबती. दोन्ही रकाने भरल्याशिवाय धडा पुढे न्यायचा नाही.

२) कोणतीही गोष्ट वाचल्यावर विचारा : यात बोलतो कोण आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं तो कोण?

३) दिव्यांग किंवा नव्याने आलेल्या मुलाला मदत करणाऱ्या मित्राचं कौतुक जरूर करा. पण 'आधी त्याला विचारलंस का?' हेही विचारा. आणि त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या, कितीही वेळ लागला तरी.

४) पालकांनी घरी एवढंच पाहावं : कोणाला जातीवरून, रंगावरून नावं ठेवली गेली, आणि ती व्यक्ती तिथे नसेल, तर आपण काय करतो? ती समोर असताना चांगलं वागणं सोपं असतं. आपल्याच पंगतीत, आपल्याच माणसाला 'असं बोलू नकोस' म्हणणं कठीण जातं. आपलं मूल तेव्हा तिथेच जेवत असतं आणि सगळं ऐकत असतं.